कँटनची उरलेली गोष्ट

गुरुजी, कँटनची गोष्ट पुरी केली. परवा पंधरा ऑगस्टला, शेळगावात, तुमच्याच शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर उभा राहिलो आणि चीनच्या त्या बंदराची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगितली. मध्ये एकदा घोटभर पाणी प्यायलो, तेवढंच. जी गोष्ट तुम्ही सात वर्षं सांगत होता आणि जी तुमच्याबरोबर अर्धीच गेली, ती एका मेंढक्यानं तडीला नेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला आडवळणानं बोललेलं कधी चाललं नाही.

दरसाल वैशाखात आमची मेंढरं कोकणातून वर यायची आणि चार दिवस तुमच्या मोकळ्या रानात बसायची. रानाला खत, आम्हाला ज्वारी. शाळेला सुट्टी असायची. अजून डोळ्यापुढं आहे, दुपारची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी आहेत, मी लिंबाखाली बसलोय, नवं लग्न झालेला आणि अंगठा उठवणारा गडी, आणि तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवता नि काठीनं मातीत नदी काढता. "हे कँटन. ही त्याची तटबंदी. साहेबाला हिच्या आत पाय ठेवायची बंदी. नदीकाठी तेरा वखारी, तेवढीच त्याची जागा. बायकामाणसं आणायची नाहीत, आणि चहाचा हंगाम सरला की बिऱ्हाड उचलून मकावला जायचं."

मी खदाखदा हसलो. "म्हंजी गुरुजी, सायेब बी आमच्यागतच की! गावाभाईर तळ, हंगाम सरला की चालू लागा."

तुम्ही हसला नाहीत. "तुझी मेंढरं बसतात त्या रानात पुढच्या साली कणसाला कणीस लागतं. ते बसले तिथं काय पिकलं? बोल."

"ठावं न्हाय."

"घरटी एक अफूबाज. आणि ती अफू कुठली? आपल्याच माळव्यातली, बंगालातली. मुंबईहून जहाजं भरभरून जायची. कुणाची जोड कुणाशी लावतोस, ते तोंड उघडायच्या आधी बघत जा."

बोलणं मिरचीसारखं झोंबलं. पण त्याच चार दिवसांत तुम्ही माझ्या हातात काठी दिली आणि मातीत 'क' काढायला लावला. सगळ्या जगाचा क कमळाचा, माझा कँटनचा.

मग दरसाल एकेक घास. एका वैशाखात एक चिनी अधिकारी आला, त्यानं साहेबाची अफू जप्त केली, खड्ड्यांत चुन्याबरोबर कालवली आणि समुद्राला सोडली. ते सबंध वर्ष घाट चढता-उतरता मी अफूच बुडवत होतो. पुढच्या वैशाखात तोफा आल्या, हाँगकाँग साहेबाकडं गेलं. कधी शहर परक्यांच्या ताब्यात, कधी बादशहाच गादीवरून खाली. मेंढरांमागं चालताना मी ते बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "तुमच्या त्या चीनपायी दोन कोकरं मागं ऱ्हायली. आधी ती हुडका, मग बादशा हुडका."

सातव्या वर्षी तुम्ही मोर्चापर्यंत आला. शहराच्या कडेला परक्यांचं बेट, मध्ये कालव्याएवढं पाणी. अलीकडच्या काठानं मजूर आणि विद्यार्थी घोषणा देत चाललेत, आणि पलीकडून मशिनगन सुरू होते. तुम्ही थांबला. "पुढचं पुढच्या वैशाखात."

पुढच्या वैशाखात तुमच्या घरच्या मास्तरीणबाई ज्वारीची पाटी घेऊन एकट्याच रानात आल्या. तुम्ही माघातच गेला होता. पाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुठवर आली होती हो गोष्ट?" मी म्हणालो, "गोळ्या सुटल्या तितवर." त्या म्हणाल्या, "मलाही तिथवरच ठाऊक." पाण्याची कळशी आणून देत आणि बांधापलीकडं बसून रोज ऐकत असत त्या. आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी मनाशी ठरवलं, ही गोष्ट शेवटाला न्यायची आणि तुमच्या शाळेत, ह्या बाईंच्या देखत सांगायची.

चाळीस वर्षं लागली, गुरुजी. रानं बागायती झाली, मेंढरं बसवायला मोकळी जागा उरली नाही. मेंढरं विकली, आमच्या गावी कोऱ्हाळ्यात ऊस लावला. कारखान्यावर गाडी खाली व्हायची वाट बघत जुवाला टेकून वाचायचो. गाडीवान म्हणायचे, "आबा, चीननं ऊसाला काय भाव काढला?" मराठीत मिळालं नाही ते सून इंग्रजीतून वाचून सांगायची, भाकरी थापता थापता. तिचे हात पिठाचे, म्हणून पान उलटायचं काम माझं.

यंदा हाँगकाँग चीनला परत गेलं. त्यावर पंधरा ऑगस्टला भाषण द्यायला शाळेनं बारामतीच्या कॉलेजातले प्राध्यापक बोलावले. मी आठवडाभर हेडमास्तरांच्या मागं लागलो होतो, तेव्हा कुठं त्यांनी आधीची दहा मिनिटं दिली. उभा राहिलो तर मागून कुणीतरी ओरडलं, "मेंढरं हाकनारा आता चीन हाकतोय!" हशा पिकला.  पुढं मास्तरीणबाई खुर्चीवर बसलेल्या, नातीनं हात धरून आणलेल्या. चुकलो असतो तर मला हसले असते ते हसलेच असते, पण तुमची गोष्टही हसण्यावारी गेली असती, आणि बाईंच्या वयाला पुन्हा कधी ऐकायची वाट बघणं आता जमायचं नाही.

वखारींपासून धरलं. कँटनबाहेरच्या खेड्यातले शेतकरी फावडी आणि भाले घेऊन साहेबाच्या फौजेला कसे भिडले, पाऊस असा कोसळला की बंदुकांची दारू भिजून चिखल झाली, आणि त्या फौजेत आपलेच, मद्रासकडचे शिपाई होते, हे सांगितलं. तेव्हा प्राध्यापक अर्धे उठले. "आबा, आपले शिपाई? नक्की?"

"व्हय सायेब. पोटासाठी दुसऱ्याची बंदूक धरल्याली आपलीच लेकरं. वाचलंय मी."

ते खाली बसले, खिशातून डायरी काढली आणि लिहून घेऊ लागले. गुरुजी, तुमच्या पटांगणात प्राध्यापक माझं लिहून घेत होता!  गोळ्यांच्या पुढं गेलो. हाँगकाँगचे हमाल, स्वयंपाकी, धोबी, लाखाच्या वर माणसं काम टाकून कँटनला निघून आली, वर्ष उलटलं तरी मागं हटली नाहीत. साहेबांना स्वतः चूल पेटवावी लागली, केर काढावा लागला. बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी म्हणाली, "बरी खोड मोडली! आता कळंल भांडी घासनं काय आसतंय!" सगळं पटांगण हसलं, आणि ह्या खेपेला माझ्या बाजूनं. मग चिनी लोकांनीच चिनी मजुरांना त्याच शहरात कसं कापलं, तेही सांगितलं, गोड तेवढंच वाढलं नाही. जपानी आले, गेले. क्रांतीची फौज आली. आणि आज त्याच कँटनच्या बाजारात जगभरचे व्यापारी येतात, पण तोफा घेऊन नाही, दारावर टकटक करून. दहा मिनिटांचा तास झाला. प्राध्यापक माइकवर आले आणि म्हणाले, "मी काय बोलू? आबांनी सांगितलं." टाळ्या अशा पडल्या की झेंड्याच्या खांबावरचं पाखरू उडालं.

खाली उतरलो तर मास्तरीणबाईंनी मनगट धरलं. "ह्यांना ठाऊक होता का हो हा शेवट?"

मी म्हणालो, "व्हय तर. मला निघताना सांगितला हुता त्यांनी."

परतताना सुनेनं विचारलं, "आबा, खोटं का बोललात?" शेवटाची इंग्रजी पानं तिनंच मला वाचून दाखवली होती. तुम्हाला ठाऊक होता की नव्हता, मला माहीत नाही. म्हणून हा कागद कुठं जायचा नाही, बाईंच्या हाती तर नाहीच. प्राध्यापकानं लिहून घेतलं, गावानं टाळ्या दिल्या, छाती अजून दोन इंच फुगलेली आहे. पण तुमच्यापुरतं सांगतो. त्या तासाभरात, सगळं मुखोद्गत असताना, सारखं वाटत होतं की कुणीतरी मला थांबवावं, आणि पुढचं तुम्ही सांगावं.