शाळेची मोटर आणि मंगळवारचा दवाखाना

आणे,
शनिवार

आदरणीय जानकाआक्का,

तुळशीदासाचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींची साखर किती आहे आणि टोमॅटोच्या बाजारात घसा ताणून ओरडणं त्यांनी कमी केलंय का, ते कळव. आम्ही इकडे ठीक आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय (उद्याच्या एसटीने कुणाच्या तरी हाती धाडतो), कारण फोनवर मी 'हॅलो' म्हणतो आणि पुढचं सगळं तूच म्हणतेस. माझ्या पोलिओच्या पायात मूलपेशींची सुई टोचून घ्यायला मंगळवारी तू मला शहरातल्या त्या दवाखान्यात नेणार आहेस, गाडीही सांगून ठेवली आहेस. त्यावर मी अजून हो-नाही काही बोललेलो नाही. त्याआधी गुरुवारी शाळेत काय झालं ते ऐक.

बुधवारी हायस्कुलातून विज्ञानाच्या अमृता मिसचा निरोप आला, उद्या अकराला या, तुमची गरज आहे. आता मोटर रिवाइंडिंगवाल्याची गरज लोकांना कधी पडते? आपल्या पठारावर बोअरची मोटर जळाली की माणसाला देवाआधी मी आठवतो (आणि चालू झाली की देवानंतरही आठवत नाही). म्हणून टेस्टर, पक्कड घेऊन मी तीनचाकी स्कूटर थेट शाळेच्या टाकीपाशी लावली. मोटर खरोखरच बंद होती. स्टार्टर उघडून बसलो. तिकडे दहावीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूने 'मूलपेशी संशोधन आणि दिव्यांगत्व' असं लिहून चाळीस पोरं, एक शाल आणि एक नारळ माझी वाट बघत होते. मला शोधायला शिपाई आला, त्याला मी मेन स्विचपाशी उभं केलं. शिपायाला शोधायला दोन मुली आल्या, त्यांना बॅटरी धरायला लावलं. शेवटी सगळा वर्गच टाकीपाशी आला आणि मिसनी मला ग्रीसच्या हातांसकट शाल पांघरली.

तास मग तिथेच टाकीपाशी झाला. मिस शिकवतात चांगलं. मूलपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी, त्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात, रक्ताच्या काही आजारांत त्यांचा उपयोग कधीपासूनच होतोय, बाकी पुष्कळ ठिकाणी संशोधन चालू आहे, असं सगळं त्यांनी सांगितलं. पण पोरांचे चेहरे कोरेच. मग मी मध्येच तोंड घातलं (ही सवय आपल्या घरचीच). म्हटलं, माझा पाय म्हणजे मोटर आणि पाठीचा मणका म्हणजे हा स्टार्टर. पोलिओने मोटर जाळली नाही, स्टार्टरमधले पॉइंट जाळले. करंट येईना, म्हणून मोटर पडून राहिली. (पडून राहिलेली मोटर गंजते आणि पाय वाळतो, एवढाच फरक.) हे मात्र सगळ्यांना कळलं, कारण घरोघरी तेच दुखणं आहे. शौर्य नावाचा एक पोरगा म्हणाला, "मंग मूलपेशीचं नवं पॉइंट बसवा की, काका." मिस म्हणाल्या, तेच अजून सिद्ध झालेलं नाही, आणि प्रयोग असेल तर तो प्रयोग आहे असं सांगूनच करावा लागतो.

तिथे मी फुशारकी मारायला गेलो. म्हटलं, आमची आक्का मंगळवारी नेणारे, डॉक्टरने फोनवर शंभर टक्के गॅरंटी दिलीय. हर्षाली म्हणून एक बारकी, चष्म्याची मुलगी आहे, तिने विचारलं, "त्यांनी पाय बघितला का?" मी म्हटलं, नाही. "तुमी मोटर न उघडता गॅरंटी देता का, काका?" पंचवीस वर्षं धंदा करतोय, पण असं कुणी मला पकडलं नव्हतं.

मग शौर्यने विचारलं, मुळात तुमाला पाय बरा व्हायला पायजे का? यावर माझं उत्तर ठरलेलं असतं, कशाला, एका बाजूची चप्पल कमी झिजते. हा विनोद गेली तीस वर्षं बिनतक्रार चालला आहे. त्या दिवशी तो तोंडातून निघेना. मी म्हणालो, "पायजे रे. लई पायजे." हर्षालीनेच विचारलं, "आन् तवर?" मी म्हटलं, तोवर बँकेच्या पायऱ्यांना कठडा बसवा आणि मला बघून च्यक् च्यक् करू नका. दोन्ही मुद्दे त्यांनी वहीत उतरवून घेतले (परीक्षेला येतील या भीतीने). मोटर साडेबाराला चालू झाली.

दाजींना जय भीम, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
तुळशीदास

ता. क. मंगळवारचा दवाखाना रद्द कर. गाडी राहू दे, तिच्यात बसून इकडे जेवायला ये.

ता. क. २. पत्र खरं यासाठी लिहिलं. मागच्या आठवड्यात माझ्या दुकानातून तू त्या दवाखान्याशी बोललीस, तेव्हा फोन स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "माझ्यामुळंच झालं ओ. दुपारी मीच त्याला वढ्यात डुंबायला नेलं आन् दिस मावळता ताप भरला." पंचेचाळीस वर्षांत हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वर्ग सुटल्यावर मी मिसना विचारलं. त्या म्हणाल्या, विषाणू पोटात गेल्यावर ताप यायलाच काही दिवस लागतात, पाय जायला आठवडा, दोन आठवडे. दुपारी ओढा आणि संध्याकाळी ताप, असं होत नाही. मी तीनदा विचारलं, तेव्हा त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. आक्का, तू मला ओढ्यावर नेलंस त्याच्या आधीच ते माझ्या अंगात होतं. आणि तू नऊ वर्षांची होतीस. मला त्या दुपारचं काहीच आठवत नाही, पण पाण्यात मी हसत असेन असं वाटतं. मंगळवारी आलीस की सांग, हसत होतो का.