घडी न मोडलेली पातळं

मी, सौ. कस्तुरा उद्धवराव निकम, वय अठ्ठेचाळीस, काम औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात, माहेर-सासर दोन्ही कोरेगाव तालुक्यात, गेली सतरा वर्षं राहणार भोसरी, आज रविवारी दुपारी माझ्या घरी बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, भरीस घातलेलं नाही. मी काय लिहीत बसले आहे हे विचारायलासुद्धा अजून कोणी आलेलं नाही.

कारण असं की येत्या बुधवारी पुण्याच्या इस्पितळात माझं पिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका बाई, या वयात आता पिशवीचं काय काम?" सून घरात आल्यापासून "या वयात" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की डॉक्टरांवर वेगळं रागवण्यात अर्थ नव्हता. तरी रागावले. त्या रागात काय केलं ते पुढे येईल.

१. घर. दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची पडवी माझ्या यजमानांच्या नावावर आहे, तेव्हा त्याची वाटणी करण्याचा मला अधिकार नाही. एवढंच नोंदवते की भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा कंपनीतून आल्यावर रोज संध्याकाळी पाणी मी मारलं. बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा हे मला विचारलं होतं. मी आकाशी सांगितला. पांढरा दिला.

२. शिवणयंत्र. पायाचं, माझ्या पहिल्या बोनसचं. ते सून दुर्गा हिला द्यावं. मुलाला यंत्रातलं कळत नाही, त्याने ते विकू नये. दुर्गाचा हात चांगला आहे. तिला मी कधी तोंडावर सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

३. पातळं. हे कलम मोठं आहे आणि ते शेवटपर्यंत वाचावं.

कंपनीत आम्हा बायकांना पांढरं पातळ, निळा काठ. केस टोपीखाली. हातात बांगडी नाही, कारण काच फुटून औषधात जाईल. वेणीत फूल नाही. आठ तास सगळ्या जणी एकसारख्या, मागून बघितलं तर आपली मैत्रीण कोणती तेही कळत नाही. साडेतीनला शिफ्ट सुटते आणि भोसरीची बस चार वाजता. मधल्या अर्ध्या तासात पिंपरी कॅम्पातलं दुकान लागतं. दाराशी टांगलेली पातळं वाऱ्याने हलत असतात. माझे पाय आपोआप वळतात. मी कापड चोळून बघत नाही, दुसरं दाखवा म्हणत नाही, दहा मिनिटांत घेऊन बाहेर. चुकलेलीही पुष्कळ आहेत. एका नायलॉनवर एवढाली सूर्यफुलं होती की बसमध्ये पिशवी उघडून बघितल्यावर माझी मलाच लाज वाटली. हा माझा दोष आहे आणि मी तो कबूल करते.

पण त्याहून मोठा दोष जिभेचा. पहिलं पातळ घेऊन आले, साल सदुसष्ट, पोपटी, जांभळ्या काठाचं. यजमानांनी बघितलं आणि कपाळाला आठी घालून विचारलं, "कुणाला हे?" त्या आठीला घाबरून मी म्हणाले, "वन्संना, भाऊबीजेला." बोलून गेले आणि फसले. भाऊबीजेला ते वन्संना द्यावं लागलं. त्या वर्षाआड तेच नेसून माझ्याकडे येत, आणि जेवताना माझ्यासमोर त्यावर आमटी सांडत.

तिथून सवय लागली. घ्यायचं, आणि कोणी विचारलं की म्हणायचं, "आहेराला घेतलंय." पुढच्या लग्नात ते जायचंच, कारण घरात सगळ्यांना ठाऊक. आमच्यात आहेराला घडीचं पातळ लागतं. एकदा घडी मोडून अंगाला लावलं की ते कोणाला देता येत नाही. म्हणजे मी एकदा, फक्त एकदा, घरी आल्या आल्या घडी मोडली असती तर पातळ माझं झालं असतं. तेवढं धाडस चौदा वर्षांत झालं नाही. घडी तशीच ठेवून मी सुट्टीच्या दुपारी ट्रंक उघडायची, वरून हात फिरवायची आणि झाकण लावायची. बघून बघून पोट भरतं का?

सत्त्याहत्तर साली मुलाचं लग्न झालं. त्यासाठी मी राणी रंगाचं घेतलं होतं. माझ्यासाठी, वरमाई म्हणून. माझ्या थोरल्या जाऊबाई सोजराबाई, शेजारच्याच घरात राहतात, त्यांनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, "कस्तुरे, आता सून येणार. रानी, पोपटी समदं सुनंचं. तुला बदामी बरं दिसंल. लोकं काय म्हनतील, सासू कोन आन सून कोन?" सगळ्या हसल्या. मीही हसले. राणी रंगाचं दुर्गाच्या ओटीत गेलं. लग्नाच्या फोटोत मी बदामी पातळात कनातीपुढे उभी आहे. कनातही बदामी आहे. फोटो बघणारा प्रत्येक जण विचारतो, वरमाई कुठे?

जाऊबाईंचा राग आहे, तो लपवत नाही. पण "नाही अक्का, हे मी नेसणार" असं म्हणायला माझं तोंड कोणी बांधलं नव्हतं, हेही खरं.

तरी जी पातळं दिली गेली ती परत मागू नयेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती सुखाने नेसावीत. सूर्यफुलांचं ज्यांच्याकडे गेलं त्यांची मी माफी मागते.

४. डाळिंबी पातळ. डॉक्टरांकडून परत येताना पिंपरीला उतरले आणि घेतलं. डाळिंबी रंग, मोरपंखी काठ, पदरावर बारीक बुट्टी. या वेळी चूक झालेली नाही. चौदा वर्षांत असं पातळ माझ्या हाताला लागलं नव्हतं. घरी आले तर अक्का पडवीत शेंगा फोडत बसलेल्या. त्यांची धाकटी गिरजा, तिचं लग्न चोवीस तारखेला आहे. खोका उघडून म्हणाल्या, "बरं केलंस बाई! ह्ये गिरजाच्या सासूला हुईल. इहिणीचा आहेर भारीच लागतो." आणि मी म्हणाले, "व्हय अक्का, त्यासाठीच."

घरी ऑपरेशनचं सांगायच्या आधी मी हे बोलले. रात्रभर माझा मलाच संताप आला. ज्या बाईचं तोंडही मी बघितलेलं नाही तिच्या अंगावर माझं डाळिंबी पातळ.

म्हणून लिहिते की मी इस्पितळातून परत आले नाही तर ते विहिणीला देऊ नये. सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं पातळ आणतात, ते आणू नये. मला हे डाळिंबीच नेसवावं. जिवंतपणी जमलं नाही, निदान तेव्हा तरी रंग माझा मला निवडू द्यावा.
(हे कलम खोडलं आहे. क. उ. निकम)

५. पोस्टातलं बचतीचं पुस्तक. त्यात जे असेल ते दुर्गाचं. एक अट आहे. त्यातून तिने स्वतःसाठी काहीतरी घ्यावं, आणि कुणाला घेतलंस असं कोणीही विचारलं तर "मला" एवढंच म्हणावं. यजमानांनी आणि मुलाने त्यावर आठी घालू नये.

येथवर लिहून झालं. सही साक्षीदार आल्यावर करणार होते. पण मध्ये एक गोष्ट घडली, ती लिहिणं भाग आहे.

चारच्या सुमारास अक्का आल्या. "कस्तुरे, त्ये डाळिंबी दे बघू. आहेराची ट्रंक भरतीया. तू बुधवारी जानार, मागनं धांदल नको."

मी ट्रंक उघडली. पातळ काढलं. त्यांनी हात पुढे केला. माझा हात त्यांच्या हातापर्यंत गेलासुद्धा. आणि मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. एक टोक धरून झटकलं. दुकानदाराने लावलेला कागद उडाला, टाचणी कुठे पडली ती अजून सापडलेली नाही, सगळं पातळ जमिनीवर पसरलं.

"आगं, घडी मोडलीस की!" अक्का ओरडल्या. "आता इहिणीला काय दिऊ?"

"दुसरं घ्या, अक्का."

"मग ह्ये कुनाला घेतलं हुतंस?"

मी म्हणाले, "मला."

"तुला? या वयात?"

"होय अक्का. या वयात. मागच्या वयात तुम्ही नेसू दिलं नाहीत आणि मी नेसले नाही. पुढचं वय बुधवारी कळेल."

बुधवारचं नाव निघताच अक्कांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांना ऑपरेशनची भीती माझ्याहून जास्त वाटते आहे, हे मला तेव्हा दिसलं. त्या खाली बसल्या आणि पसरलेल्या पातळाचा काठ दोन बोटांत धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं बी एक हुतं. अंजिरी. तुझ्या दिरानं परत करायला लावलं दुकानात." सासरी येऊन एकोणतीस वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. आम्ही दोघी थोडा वेळ रडलो. मग त्या रागातच उठून गेल्या, कारण विहिणीच्या आहेराचा प्रश्न तसाच होता.

दुर्गा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि पातळ नेसवताना तिने माझ्या निऱ्या धरल्या.

तेव्हा मी कलम चार खोडलं आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. मेल्यावर दुसऱ्याने नेसवण्याची आता गरज नाही. हे लिहिताना पातळ माझ्या अंगावर आहे. बुधवारी याच पातळात बसने पुण्याला जाणार आहे. इस्पितळात ते उतरवायला लावतील, तर दुर्गाने सांभाळावं आणि शुद्धीवर आल्यावर मला परत द्यावं. मी गेलेच तर मला हिरवं नेसवा की पांढरं, ते तुमचं तुम्ही बघा, माझी तक्रार नाही.

आणि वाचले, वाचणारच आहे असं आता वाटतं, तर हे पातळ माझ्यामागे कोणाच्याही वाट्याला येणार नाही, त्याची कोणी वाट बघू नये. मी ते इतकं नेसणार आहे, इतक्यांदा धुणार आहे, की शेवटी बोहारणीला दिलं तर तिने उजेडात धरून बघावं आणि म्हणावं, "बाई, ह्याचं भांडं न्हाई येत."

हे मी वाचून बघितलं. सगळं खरं आहे.

सही: कस्तुरा उद्धवराव निकम

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीत आणि राजीखुशीने सही केली. कलम चारवरची काटही त्यांचीच आहे.

साक्षीदार:
१. छबूबाई सोपानराव शेलार, पॅकिंग खाते
२. यशवंतराव रंगराव भुजबळ, शेजारी, टाइमकीपर

मुक्काम भोसरी, तालुका हवेली, जिल्हा पुणे
दिनांक १० मे १९८१