एकटीची कात्री

मी, वेंग युए-ताओ, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा बांधकामावर बिगारी, राहणार छ्येनचेन, काओशुंग शहर, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज सांगून लिहवून घेत आहे. छाती बिघडली आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालण्याइतके जवळचे कोणी उरलेलेही नाही. लिहिणारे त्सेंग मास्तर माझे शेजारी, शाळेतले निवृत्त कारकून. त्यांना बजावले आहे की भाषा तुमची चालेल, पण मी बोलले त्यातले काही गाळायचे नाही.

कलम १. साक्षीदारांबाबत. अशा मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात, असे मास्तर म्हणतात. एक ते स्वतः. दुसरे फांग छिंग-प्याओ, ज्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी जन्मभर हत्यारे घेतली. तिसरे माणूस मला सुचेना. मी ज्या इमारतींवर राबले त्यांत आज किती कुटुंबे नांदतात, आणि मला सहीपुरते एक माणूस मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते. फांग म्हणाला, "मावशी, कोपऱ्यावरच्या सुपारीवालीला हाक मारतो. सही करून जाईल बिचारी." मी म्हटले, "माझं रडगाणं ऐकायला सुपारीवाली कशाला? तिला तिची गिऱ्हाइकं काय थोडी आहेत?" तिसऱ्याचे बघू, तोवर कच्चा मसुदा करू, असे ठरले.

कलम २. चौथ्या मजल्यावरची माझी राहती खोली धाकटा भाऊ वेंग शुई-मू याला जावी, कारण कायद्याने वारस तोच आहे. आई गेली तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने मला समोर बसवून सांगितले की लग्न न झालेल्या मुलीच्या नावाची पाटी मेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात वाडवडिलांशेजारी ठेवत नाहीत. रीत तशीच आहे, मान्य. पण त्याच्या देव्हाऱ्यात माझ्या नावाला जागा नाही आणि माझ्या दारावर त्याच्या नावाला आहे, एवढे त्याने कुलूप उघडताना आठवावे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

कलम ३. अस्थींसाठी डोंगराजवळच्या मंदिरात कोनाडा घेऊन ठेवला आहे. शेजारच्या कोनाड्यात कोण असेल ते माहीत नाही. इथेही शेजारी कोण आहे ते मला दहा वर्षांनी कळले, त्यामुळे सवय आहे. बँकेतली शिल्लक मंदिराला द्यावी आणि सणावारी माझ्या नावाने उदबत्ती लावावी.

कलम ४. हत्यारांची पेटी, हातमोजे आणि कामावरचा चष्मा न्हानला द्यावा. न्हान म्हणजे व्हिएतनामहून सून होऊन आलेली, सध्या साइटवर माझ्या जागी बंडले सोडते ती. सळया, फळ्या, लाद्या, सगळे लोखंडी पट्ट्यांनी आवळून येते आणि त्या पट्ट्या कापणे हे आमचे काम. त्यात काय मोठेसे, असे लोकांना वाटते. पट्टी ताणलेली असते. कापली की दोन्ही टोके उसळतात आणि समोर जो चेहरा असेल त्याचा समाचार घेतात. म्हणून न्हान, ऐक. पहारीने पट्टी तोडू नकोस, हातोडीने उपटू नकोस. बोल्ट कटर सळईसाठी असतो. त्यात पट्टी चेपते आणि मग मनाला येईल तशी तुटते. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी लादीवर डाग पडतात आणि मुकादम तुझ्या नावाने शंख करतो. पट्टीला पट्टीचीच कात्री घे. खालचा जबडा चपटा आणि पातळ हवा, आवळलेल्या पट्टीखाली सरकला पाहिजे. पट्टी रुंद असेल तर दांडा लांब घे, नाहीतर मनगट जाईल. दुकानदार चकाकणारी पुढे करील. तू ती मिटवून उजेडाकडे धर; पात्यांमधून उजेड दिसला तर परत ठेव. फांग हे ऐकून मान डोलावतो आहे. मला तसली एक त्यानेच विकली होती.

आणि मुख्य गोष्ट. दोघी असाल तर साधी कात्री घ्यावी, कारण एकीने पट्टी दाबून धरायची आणि दुसरीने कापायची. एकटी असशील तर पकडवाली घ्यावी, जी कापता कापता दोन्ही टोके स्वतःच दाबून धरते. माझ्याकडे पकडवाली आहे. तिच्याविषयी पुढे सांगते.

कलम ५. को बोंग-यो हिच्याबाबत. बोंग-यो म्हणजे 'जगली तर जगू द्या'. सातवी मुलगी झाल्यावर बापाने हे नाव ठेवले. साइटवर ती माझी जोडीदारीण होती. एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला गोणपाट गुंडाळलेला हात, अशी ती पट्टी दाबायची आणि ओरडायची, "काप गं लवकर, माझा पाय काही भाड्याचा नाही!" तिने दाबलेली पट्टी कधी उसळली नाही. तिचे खुब्याचे हाड गेले आणि ती ताईतुंगला मुलीकडे राहायला निघाली. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने लाल कागदात गुंडाळलेली पकडवाली कात्री माझ्या हातात ठेवली. आमच्यात धारेची वस्तू फुकट देत नाहीत, नाते तुटते. घेणाऱ्याने एक नाणे तरी द्यायचे, म्हणजे ती खरेदी होते. मी नाणे पुढे केले. ती म्हणाली, "आपल्यात कसले पैसे? ठेव ते." रीत तिला पोटच्या पोरीइतकी ठाऊक होती. तरी तिने घेतले नाही. मग मी समजायचे ते समजले. तिचा फोन आला नाही, मीही केला नाही.

कात्री उत्तम चालते. दुसऱ्या माणसाची गरजच लागत नाही, एवढाच तिचा दोष. काम सुटेपर्यंत बंडल मोकळे झाले की माझ्या तोंडून "सुटलं गं" निघायचे आणि ऐकायला कोणी नसायचे. मला ती फार आठवते. ते नाणे मी जपून ठेवले आहे. माझ्या मृत्यूनंतर ते को बोंग-यो हिला द्यावे. तेव्हा तरी तिला ते घ्यावे लागेल.

कालचे काम येथे थांबले.

आज सकाळी फांग दुकान बंद ठेवून स्टेशनवर गेला आणि काठी टेकत येणाऱ्या बोंग-योला घेऊन आला. तिसरा साक्षीदार म्हणून. रात्रीच तिला फोन केला होता, मला न विचारता. मास्तर म्हणाले, कायद्याप्रमाणे सगळे तिघांसमोर पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागेल. मी सांगितले. कलम पाच मी भिंतीकडे पाहून सांगितले.

"झालं?" बोंग-यो म्हणाली. "अगं बये, नाणं घेतलं असतं तर ती विक्री झाली असती. मला विकायची नव्हती, द्यायची होती. पोरंबाळं सोडली तर जन्मात पहिल्यांदा कोणाला काही देत होते, आणि तू खिशात हात घातलास! मला वाटलं, ही हिशेब मिटवतेय."

"मग फोन का नाही केलास?"

"तू केलास?"

फांग खिडकीबाहेर पाहू लागला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला त्यावर साक्षीदार होता येत नाही. बाईंनी एकतर नाणे घ्यावे, नाहीतर सही करावी.

बोंग-योने हात पुढे केला. "आण ते इकडे. आत्ता दे, जिवंत आहेस तोवर." मी दिले. तिने ते विजारीच्या खिशात टाकले आणि म्हणाली, "घेतलीस बाई विकत. आता जागा दाखवा सहीची. संध्याकाळची गाडी आहे माझी, मुलगी वाट बघते."

म्हणून पुढील बदल.

कलम ६. पकडवाली कात्री न्हानला द्यावी, नाणे घेऊन. तिला जोडीदारीण मिळाली, तर मात्र कात्री पेटीतच राहू द्यावी.

कलम ५ रद्द समजावे. त्याऐवजी असे लिहावे: को बोंग-यो हिला मी काहीही ठेवून जात नाही.

तिघांसमोर सांगितले, मोठ्याने वाचून घेतले, बरोबर आहे.

सांगणार: वेंग युए-ताओ (सही)
साक्षीदार व लेखनिक: त्सेंग जू-शान (सही)
साक्षीदार: फांग छिंग-प्याओ (सही)
साक्षीदार: को बोंग-यो (सही)

काओशुंग, प्रजासत्ताक वर्ष ११२ (इ.स. २०२३), अकरावा महिना, तारीख ९