आबांची बदकं

सायखेडा,
दि. ९ फेब्रुवारी २००३

ती. वन्सं,

मंजुषाचा नमस्कार. तिकडे देवळालीला थंडी फार असेल. दाजींचा गुडघा कसा आहे? आमची सृष्टी गोवरातून उठली, आता अंगणात खेळते.

आबांच्या हाताला प्लास्टर आहे. बांधावरून पडले, असं ह्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच. त्याबद्दल लिहायला बसले आहे, पण आधी शेडचं लिहिते.

गणपतीत ह्यांनी बदकांसाठी बंद शेड बांधली. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. नदीत पानवेली माजलेल्या, वरून शहराचं फेसाळ पाणी येतं, मुंगसं अंडी ठेवत नव्हती. म्हणून नवी पिल्लं आणली ती थेट आत. खाली तारेची जाळी, घाण खाली पडावी म्हणून. पाण्याला नळ्या, चोच लावली की थेंब येतो. डोकं बुडवायची सोय नाही.

पिल्लं वाढली तशी बिघडली. डोळ्यांना चिकट खपल्या, तळव्यांना जखमा. मग एकमेकांच्या पाठीवरची पिसं उपटू लागली. रक्त दिसलं की बाकीची तिथंच टोचायची. मी खाद्य टाकायला दार उघडलं तरी ओरडत एका कोपऱ्यात एकावर एक चढायची. खालची चेंगरून मरायची.

आबा ह्यांना म्हणाले, "डोळं धुवायलाबी पाणी नाय रे त्यांला. एक हौद तरी बांध."

"हौद केला तर सगळा चिखल होईल. तुमचं नदीचं दिवस गेलं, आबा."

गेल्या महिन्यात हे खाद्य आणायला पिंपळगावला गेले आणि आबांनी दार उघडलं. बदकं बाहेर येईनात. आबांनी काखेत धरून धरून काढली, नदीवर हाकली. मी घाटावर धुणं धूत होते. पाणी बघताच ती धावली, वन्सं! माना बुडवल्या, पंख आपटले. आबा इतके हसले की मीही हसले. म्हणाले, "बदकाला पवायला कोणी शिकवावं लागतं का, पोरी?"

थोड्या वेळाने ती जड व्हायला लागली. जन्मात अंघोळ नाही, म्हणून पिसांना अंगचं तेल नाही; उरल्यासुरल्या पिसांत पाणी शिरलं. नुसत्या माना वर दिसायच्या, मग त्याही दिसेनात. आबा छातीभर पाण्यात शिरले, मागून मी. पानवेलीतून ओढून काढली त्यातली बरीच काठावर कुडकुडून मेली.

हे आले तेव्हा आबा ओल्या धोतराने, मेलेल्या बदकांजवळ बसले होते. ह्यांनी एक शब्द विचारला नाही. त्यांना उठवलं आणि घाटाच्या पायऱ्यांवरून ढकललं. आबा हातावर पडले. मी मध्ये जाईपर्यंत ह्यांनी लाथही मारली. शेजारच्या सुमनबाई पलीकडून ओरडल्या, "ज्ञानेशा, बाप हाय तुझा!" तेव्हा थांबले.

बांधावरून पडले नाहीत, वन्सं.

आता पुन्हा पिल्लं आलीत, त्याच जाळीवर. मी हौदाचं काढलं तर हे भरल्या ताटावरून उठून गेले. आबा पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहतात, घरात जेवत नाहीत. मला सारखं म्हणतात, "चुकलं माझंच. मला वाटलं, बदक हाय, पवणारच." तुम्हाला कळवू का विचारलं, तर धड हात कपाळाला लावला. "नको. भाऊ तुटंल तिचा."

तरी लिहिते. या आणि आबांना घेऊन जा. ह्यांच्याशी भांडायला येऊ नका, इथलं मी बघेन. कालपासून मी आणि सुमनबाईंनी शेडबाहेर पिल्लांच्या पाण्यासाठी खड्डा खणायला घेतलाय. हे बघून गेले. काय करतील ते करोत.

आत्ता आबा पाणी प्यायला आले होते. पत्र बघून म्हणाले, "लिही, मी बरा हाय." त्यांच्या शब्दाखातर लिहिलं. तुम्ही मात्र त्यावर विश्वास ठेवू नका.

तुमची भावजय,
मंजुषा