खांबाभोवतीची फट

प्रिय वजीह,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने उमटला. खोडायला घेतला असता तर कागद फाटला असता, म्हणून राहू दिला. तुझे तीन फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर तू ‘माअलेश, मिर्वत, जाऊ दे’ म्हणतोस, दोन विनोद करतोस, आणि मी हसले की विषय मिटला असं धरून चालतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

आधी चांगलं ते सांगते, म्हणजे मला कजाग म्हणायला तुला जागा नको. घुमट सुरेख झालाय. गंजलेले रूळ घासून काढलेत, एका हाताने ढकलला तरी फिरतो. बाबा असते तर दिवसभर फिरवत बसले असते आणि आईने जेवायला चार हाका मारल्या असत्या. तुझ्या दुरुस्तीपायी चार वर्षं वेधशाळेला टाळं होतं, तरी ती चार वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण मंगळवारी उद्घाटनाला मी दुर्बिणीच्या खांबावर चहाचा ग्लास ठेवला, तेव्हा तू दोन हातांवर गव्हर्नरसाहेबांशेजारी उभा होतास. पाहुणे नव्या संगमरवरावरून टकटक चालत होते आणि ग्लासातला चहा थरथरत होता. तू ते पाहिलंस. मग मान वर करून घुमटाकडे बघत राहिलास.

तुला काय समजावायचं होतं रे त्यात? हाच खेळ खेळत आपण मोठे झालो. खांब खाली टेकडीच्या खडकात रोवलेला आणि फरशी त्याच्यापासून चारी बाजूंनी बोटभर लांब, कुठेही शिवायची नाही. बाबा पुदिन्याचा चहा खांबावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘मारा उड्या.’ आपण घामाघूम होईपर्यंत नाचायचो, पण चहा हलायचा नाही. त्या फटीत तुझी निळी गोटी अडकली होती, तेव्हा बाबांनी शुक्रवारची नमाज कशीबशी आटोपली आणि तारेच्या टोकाला मध लावून दुपारभर पालथे पडून ती बाहेर काढली. एक गोटीसुद्धा त्यांनी तिथे राहू दिली नाही. तू सबंध फट पांढऱ्या सिमेंटने भरलीस.

मला आधी वाटलं, हे उस्ता बयूमीचं काम. त्याला गाठून मी नको नको ते बोलले, त्याच्या पांढऱ्या मिशांचीही भीड ठेवली नाही. भेग दिसली की बुजवायची, हे त्या गवंड्याने चाळीस वर्षं केलंय, दुसरं काय करणार, असं मी धरूनच चालले होते. त्याने मला दमेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, “बाई, तडा कधी सरळ रेषेत जात नाही. ही फट सरळ होती, म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलेली. मी बाशमुहंदिसांना, तुमच्या इंजिनियर भावाला, दोनदा विचारलं.” तू काय म्हणालास, ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. “ते म्हणाले, बुजव. पाहुण्यांचे पाय अडकतील. आता तिथून बघतंय कोण?”

मी बघते, वजीह. तुझी बहीण बघते.

बाबांनी ज्या दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायला घेतलं, त्यांना एकमेकांभोवती फिरायला ऐंशीहून जास्त वर्षं लागतात. वहीत बाबांचे एकतीस वसंत आहेत आणि माझे बावीस. तुमच्या दुरुस्तीची चार पानं कोरी आहेत, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. या वसंतात ते दोघं सगळ्यात जवळ येतायत. दोघांत उरलेली जागा इतकी बारीक, की हॉलमध्ये पहारेकरी नुसता चालला तरी दोघांचा मिळून एकच ठिपका होतो. हे माप चुकलं तर बाबांनी मोजायला घेतलेल्या फेरीतली नेमकी हीच जागा कोरी राहणार, आणि पुढच्या वेळी ते असे जवळ येतील तेव्हा तू नसशील नि मीही नसेन. तुला माहीत नसतं तर मी तुला माफ केलं असतं. सगळ्या देशात हे माहीत असलेली दोनच माणसं उरली होती, त्यातला एक तू.

मला तुझा इतका राग आलाय, की परवा आईकडे तुझ्यासाठी केलेली मुलुखियाची भाजी मी शेजारणीला देऊन टाकली.

काम पुरं झाल्याच्या कागदावर तू रविवारी सही करणार, असं कळलं. ती झाली की ती फरशी पुरातन वास्तूचा भाग, तिला छिन्नी लावणं गुन्हा. वरच्या खात्याला लिहिलेली तक्रार माझ्या टेबलात पडून आहे. तीत तुझ्या नावापुढे बाबांचं नाव लिहावं लागलं, म्हणून ती अजून पाठवलेली नाही. बयूमी म्हणतो, तीन दिवसांत फट मोकळी करून देतो, फक्त लेखी हुकूम हवा, म्हातारपणी तुरुंगात जायची त्याला हौस नाही. तो हुकूम मी टाइप करून या पाकिटात घातलाय. सही तेवढी तुझी हवी. खाली तारीखही लिहिली आहे, शनिवारची; फट मोकळी होईपर्यंत रविवारची ती सही थांबव. सही कर आणि स्वतः घेऊन ये. फट मोकळी झाली की मी खांबावर चहा ठेवीन. तू उड्या मारायच्यास, बूट घालून, जमेल तेवढ्या जोरात.

तुझीच,
अजून तिथून बघणारी
मिर्वत