कोऱ्या चहाचा आठवडा

तात्या, ‘बायकांचं काय ते घरी इचारून घेतो आमी,’ असं तुम्ही चावडीवर पाणलोटाच्या साहेबांना म्हणाला होतात. म्हसवडच्या पलीकडच्या आपल्या उघड्याबोडक्या डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची आणि एकही जनावर सोडायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी सातवीत असेन. पाणलोटाच्या गावसमितीत बायका हव्यात म्हणून आईचंही नाव होतं. सही तिची, बोलणं तुमचं.

घरी येऊन तुम्ही विचारलं मात्र नाहीत. डोंगर बंद म्हणजे आईच्या शेळ्या विकायच्या, हे तिला पाणी भरताना शेजारणीकडून कळलं. ती भांडली नाही. सकाळी तुमच्यापुढे कोरा चहा आला.

“दूध कुटं हाय?”

“आवं, शेळ्या इकायच्या ठरल्यात न्हवं? आतापास्नं सवय करा.”

तुम्ही तणतणत चुलत्यांकडे गेलात. तिथंही कोरा. सरपंचांकडे कोरा, वर गूळही कमी. बायकांचं पाणवठ्यावर आधीच ठरलं होतं. अजून दिसतंय मला: तुम्ही ओसरीवर कपात बघत बसला आहात आणि आत आई भाकरी थापता थापता हसते आहे. आठवड्यानं पुन्हा मिटिंग झाली आणि बायका आल्या. “झाडं आमालाबी पायजेत,” आई म्हणाली, “पर निम्मा डोंगर औंदा बंद करा, निम्मा फुडल्या साली. बंद भागातलं गवात आमी कापून आणू.” ‘लय शानी झालीस,’ असं पुटपुटत पहिला हात तुम्हीच वर केलात.

आता मी दिल्लीत, देशाच्या हवामान बदलाच्या आराखड्यावर काम करते. त्यातही डोंगर आहेत, झाडं आहेत, चराईबंदी आहे. बायका जिथं जनावरं चारतात ती जमीन त्यांच्या संमतीशिवाय बंद करू नये, एवढं एक वाक्य मी घातलंय. परवा एक मोठे साहेब हसून म्हणाले, ‘ते खाली गावात विचारतीलच की.’ इतक्या भारी कपड्यांत मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं, तात्या.

ते वाक्य ठेवायचं की काढायचं, हे उद्या ठरेल. माझ्या तक्त्यांनी ती मंडळी हलणार नाहीत, तुमच्या चहानं हलतील. खरं तर ते वाक्य मला त्या आठवड्यातच सुचलं होतं, पण हे मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही. घरातलं चावडीवर न्यायचं नाही, हा तुमचा दंडक. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही आणि तुमचं ‘न्हाई’ मला आत्ताच ऐकू येतंय. तरी विचारते: ती फजिती उद्या सांगू का, जराशी मीठमिरची लावून?