फ्लॉपीवरचं कुंकू

वाटूर, खंडेनवमी, १९९८. दिवेलागण.

आज बायकोशी, सुनंदाशी, वाईट बोललो. सकाळी तिनं विळा आणि पाना-पक्कडीसोबत माझी फ्लॉपीही पूजेला मांडली, कुंकवाचं बोट लावलं. दुपारी मी डॉस असलेली हार्ड डिस्क काढून त्याच फ्लॉपीवर कॉम्प्युटर चालू केला. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत वर्षभर लिहिलेली माझी ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यांदाच डॉसशिवाय, म्हणजे कंपनीच्या तयार सिस्टीमशिवाय, चालणार होती. पडदा काळाच. एक अक्षर उमटलं नाही.

"कुंकू आत गेलं. कोणी सांगितलं होतं तुला?"

"अवजाराला लावतेतच की. मला काय म्हाईत."

तिचं तोंड एवढंसं झालं.

मंग दुसऱ्या मशीनवर फ्लॉपी घालून पाहिली. फायली बराबर वाचल्या जात होत्या. कुंकू तर नुसतं वरच्या लेबलावर. खोट माझ्याच कामात. पडद्यावर अक्षर काढ म्हटलं की बेसिकचा कंपायलर, म्हणजे माझं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ते काम गुपचूप डॉसकडं देतो. खाली डॉसच नाही, तर काढणार कोण? आजवर मी डॉसमध्येच चालवून बघत होतो, म्हणून सगळं चालायचं. मंग वर्षभर माझं असं मी काय केलं?

फ्लॉपी टेबलावर टाकून ओसरीवर जाऊन बसलो. आत आलो तर सुनंदा ओल्या फडक्यानं तीच पुसत होती. लेबल गुलाबी झालेलं.

"आता चालंल न्हाई का?"

मी हो म्हणालो. कुंकवाचा दोष नव्हता, हे अजून सांगितलेलं नाही.